खलनायकाचा नंबर

"तलवार गंजते, बंदूक अडकते, राजाचा शब्दसुद्धा फिरतो, पण नजर कधी चुकत नाही. या जगात जेवढी राज्यं बुडाली, तेवढी नजरेनं बुडाली," असं धनराज निकुरे यांनी मुलाखतीला आलेल्या वार्ताहराला ठणकावून सांगितलं. वाक्य मोठं होतं, आवाज त्याहून मोठा होता. अडचण एवढीच, की वार्ताहर डाव्या हाताला खुर्चीवर बसला होता आणि धनराज उजव्या हाताला खुंटीवर टांगलेल्या कोटाशी बोलत होता. कोटाने मुलाखत शांतपणे ऐकून घेतली. वार्ताहर नवखा होता. त्याला वाटलं, मोठे कलावंत असंच बोलत असतील.

मोठा कलावंत तर तो होताच. वैनगंगेकडच्या वडसा गावातून दिवाळी झाली की नाटक कंपन्यांच्या गाड्या निघतात आणि होळीपर्यंत चंद्रपूर-गडचिरोलीच्या जंगलातल्या गावोगावी नाटकं होतात. याला झाडीपट्टीची रंगभूमी म्हणतात. धान कापून मोकळे झालेले लोक सासरी गेलेल्या पोरींना बोलावतात, जावयाला बोलावतात, कोंबडा कापतात आणि नाटकाला बसतात. इथे नायक बदलला तरी चालतो, नायिका ऐनवेळी रुसून माहेरी गेली तरी निभावून नेतात. पण खलनायक मात्र अस्सल लागतो. आणि गेली कित्येक वर्षं खलनायक म्हणजे धनराज.

तो फार काही करायचा नाही. रंगमंचावर यायचा, कडेशी थांबायचा, भुवया आवळून डोळे बारीक करायचा आणि मान डावीकडून उजवीकडे अशी हळूहळू फिरवायचा, जणू कोणाला आधी संपवावं हे ठरवतो आहे. तेवढ्यात पोरं आईच्या पदरात शिरायची. सिंदेवाहीकडच्या एका माणसाने ती नजर पाहून दारू सोडली, असं सांगतात; दारू पुढे परत धरली, पण हंगाम संपल्यावर. नाटक सुटलं की प्रत्येक जण दुसऱ्याला एकच सांगायचा, "त्यानं माह्याकडंच पाह्यलं ना बाप्पा."

खरी गोष्ट अशी होती की त्याने कोणाकडेच पाहिलेलं नसायचं. त्याच्या डोळ्यांचा नंबर उणे पाच होता. डोळे तो बारीक करायचा ते रंगमंचाची कड नेमकी कुठे संपते हे कळावं म्हणून, आणि मान हळूहळू फिरवायचा ती नायिकेच्या साडीचा रंग कोणत्या बाजूला आहे ते शोधण्यासाठी. समोरचे हजार लोक म्हणजे त्याला वखरलेलं काळं वावर. कोणाकडेच न पाहणारी नजर प्रत्येकाला आपल्यावरच रोखलेली वाटते, हे या धंद्याचं मर्म त्याला न शिकता सापडलं होतं. शोध इतका मोठा होता की तो कोणाला सांगायची सोय नव्हती.

ठाऊक होतं ते तिघांना: बायको कमळा, कंपनीचे मालक गुणवंतराव आणि विंगेत बसून संवाद सांगणारा प्रॉम्प्टर प्रणित. प्रणित संवादाबरोबर वाटही दाखवायचा. "तुझ्या बापाचं घर जाळून टाकीन, दोन पावलं डावीकडं," असं तो पुटपुटायचा. एकदा धनराजने तेवढं सगळंच्या सगळं गरजून म्हटलं. बापाचं घर जाळून वर दोन पावलं डावीकडं, या धमकीने लोक असे थरारले की पुढच्या दोन गावांत ती मागून घेतली गेली.

चष्म्याचा प्रयोग करून झाला होता. गुणवंतरावांचा उसना चष्मा घालून तो रंगमंचावर आला तेव्हा मागून कोणीतरी "मास्तर आले, गप बसा" म्हणालं आणि अख्खं नाटक विनोदी झालं. डोळ्यात घालायच्या लेन्सही अंदाजाने आणून झाल्या. पण धूळ, दिव्यांचा उजेड आणि खोट्या बंदुकीची खरी दारू यांनी डोळे असे काही सुजले की डॉक्टरने हात जोडले.

तरीही चाललं होतं. मग मागच्या हंगामात मूलजवळच्या एका गावात धनराजने पहिल्याच अंकात पोलीस पाटलाला गोळी घातली. मारायचा होता चौकीदार. तो बाजूला उभा राहून आपल्या मरणाची वाट पाहत होता. पोलीस पाटील तर तिसऱ्या अंकाच्या शेवटापर्यंत जगायचा होता, सगळं रहस्य त्याच्याच पोटात होतं. पण तो नट शिस्तीचा. आपल्याकडे तोंड करून बंदूक वाजली म्हणजे पडायचं, एवढं तो जाणत होता. पडला. गुणवंतरावांनी विंगेत उभ्या उभ्या त्याला एक जुळा भाऊ लिहून दिला, मिशी बदलली आणि नाटक तरून नेलं. लोकांना जुळा भाऊ फार आवडला. गुणवंतरावांनी मात्र दुसऱ्या दिवशी वडशाला पोचताच धनराजला बोलावून घेतलं.

"धनराज," ते म्हणाले, "आज पोलीस पाटील मेला, उद्या तू स्टेजवरून पडून मरशीन. दिवाळीच्या आत नंबर काढून ये. नाई तं यंदा बापाचं काम कर."

झाडीपट्टीच्या नाटकातला बाप म्हणजे खाटेवर बसतो, खोकतो, पोरीच्या लग्नाची काळजी करतो आणि मध्यांतराच्या आत मरतो. बापाला कोणी शिट्टी मारत नाही. आणि एकदा बाप झालेला नट पुन्हा खलनायक होत नाही, हा इथला न लिहिलेला कायदा आहे.

तेव्हा तो लागलीच ब्रह्मपुरीला एका चष्म्याच्या दुकानात गेला आणि म्हणाला, "नंबर काढाचा हाय." त्यांनी त्याला उंच खुर्चीवर बसवलं, भिंतीवरची अक्षरं वाचून घेतली, काचा बदलून बदलून विचारलं आणि हातात चिठ्ठी दिली. धनराजला नवल वाटलं. दुखलं नाही, खुपलं नाही. घरी येऊन त्याने कमळाला सांगितलं, "काढला."

"मंग दिसते काय?"

"दिसाले जरा वेळ लागन. आताच तं काढला."

आठवडाभर तो दिसण्याची वाट पाहत राहिला. त्या आठवड्यात तो बैलगाडीच्या जूला धडकला आणि एका पाहुण्याला बाज समजून त्याच्यावर बसला. शेवटी कमळाने चिठ्ठी उघडून पाहिली. काढलेला नंबर कागदावर लिहिलेला होता, आणि डोळ्यातही जसाच्या तसा होता. म्हणजे एवढ्या खटाटोपाने तो आता दोन ठिकाणी झाला होता.

मग दोघं एसटीने चंद्रपूरला गेली. तिथे डोळ्यांचा नंबर लेझरने खरोखर घालवणारी एक डॉक्टर होती, संघप्रिया रामटेके. वडील बल्लारपूरला पेपर मिलमध्ये कामाला होते. मुलगी नागपुरात शिकून परत आपल्या जिल्ह्यात आलेली. धनराज आत शिरला तशी ती खुर्चीतून अर्धी उठली.

"भाऊ, तुम्ही ते नाटकवाले ना? शाळेत असताना मामाच्या गावी पाह्यलं होतं तुम्हाले. तुम्ही डायरेक्ट माझ्याकडे पाह्यलं होतं. मी तीन दिवस जेवली नाई."

धनराजने विनयाने मान झुकवली. छाती फुगली, आणि त्याच क्षणी त्या फुगलेल्या छातीत कुठेतरी सुई टोचल्यासारखं झालं. ती सुई कसली हे त्याला लगेच कळलं नाही.

डॉक्टरीणबाईंनी सगळं नीट उलगडून सांगितलं. बुबुळाच्या पुढे एक पारदर्शक पडदा असतो, घड्याळाच्या काचेसारखा. त्याची गोलाई लेझरने किंचित बदलली की नंबर जातो. एका प्रकाराला लॅसिक म्हणतात: त्यात पडद्याचा वरचा पातळ पापुद्रा झाकणासारखा उघडतात, आत लेझर मारतात आणि झाकण परत बसवतात. दुसरा पीआरके: झाकण वगैरे नाही, वरची नाजूक साय पुसून काढायची आणि थेट वरूनच लेझर; साय पुन्हा आपोआप येते, पण ती येईपर्यंत दुखतं, आणि साफ दिसायला वेळ लागतो. तिसऱ्याचं नाव स्माईल. त्यात बारीक छेदातून आतला एक चकतीसारखा तुकडा काढून घेतात, मात्र ते यंत्र इथे नाही, नागपूरला जावं लागेल.

धनराजने पहिल्याचाच धसका घेतला. झाकण म्हटल्यावर त्याला घरातले सगळे डबे आठवले, ज्यांची झाकणं कधी जाग्यावर सापडत नाहीत.

"काम कशाचं आहे तुमचं, म्हणजे डोळ्याला मार लागायची शक्यता?" तिने विचारलं.

"शक्यता नाई जी. ठरलेलंच हाय. शेवटच्या अंकात हिरो मले तोंडावर मारते. हळूच मार म्हणलं तरी एखाद्या दिवशी त्याच्या अंगात येते."

तिने पेन खाली ठेवलं. मग लॅसिक बाद, ती म्हणाली. झाकणावर जोरात बुक्की बसली तर ते सरकू शकतं. पडद्याची जाडी मोजली, त्याच्या गोलाईचा नकाशा काढला आणि पीआरके ठरलं. वय चाळिशीला टेकलं आहे, तेव्हा जवळचं वाचायला पुढे चष्मा लागेलच, हेही तिने स्पष्ट सांगितलं. धनराजने वाचनाची काही काळजी नसल्याचं सांगितलं. वाचायला प्रणित होता.

इथवर सगळं ठीक होतं. मग तपासणीसाठी तिने त्याच्या नाकावर जाड पत्र्याची चौकट चढवली, तिच्यात काचा सरकवल्या आणि म्हणाली, "नंबर गेल्यावर असं दिसेल. पाहा सगळीकडे."

धनराजने पाहिलं. भिंतीवरचं कॅलेंडर, त्यातलं बांबूचं बेट, पंख्याच्या पात्यावरची धूळ. कमळाच्या गालावर एक तीळ होता. म्हणजे तो असतो हे त्याला माहीत होतं, वीतभर अंतरावरची कमळा त्याला कायम स्पष्ट दिसायची. पण दारापाशी उभ्या असलेल्या कमळाच्या गालावरही तो तीळ असतो हे नवीन होतं. मग समोर आरसा होता. आरशात एक पोट सुटलेला, कपाळ मागे सरकलेला माणूस बसला होता. धनराजने सवयीने त्याच्यावर आपली ती नजर टाकायला घेतली.

नजर येईना.

भुवया आवळल्या, पण डोळे आपले उघडेच. बारीक कशाला व्हायचं, सगळं तर दिसत होतं. मान फिरवायला लागला तर ती पटकन फिरली, कारण शोधायचं काही उरलंच नव्हतं. आरशातला माणूस तहसील कचेरीत आपला कागद कुठल्या टेबलावर गेला हे विचारायला आल्यासारखा दिसत होता. त्याने पुन्हा करून पाहिलं. तपासणीला मदत करणारी मुलगी जवळ आली आणि आपुलकीने म्हणाली, "बाथरूम त्या बाजूले हाय, काका."

मघाची सुई कसली होती ते धनराजला तेव्हा कळलं.

त्यानंतरचे दिवस वाईट गेले. दिवसा तो धानाच्या बांधीवर बसून बगळ्यांकडे बारीक डोळ्यांनी पाहायचा आणि ते उडाले की त्याला बरं वाटायचं. नजर अजून आहे. मग मनात यायचं, बगळे तर कोणालाही पाहून उडतात. नंबर काढला नाही तर बापाचं काम. काढला आणि नजर गेली, तरी बापाचंच काम. वर दोन्ही डोळ्यांची साय खरवडून. इकडे खाट, तिकडेही खाट, मधे लेझर. त्यात गुणवंतरावांनी यंदाचं पोस्टर छापून टाकलं होतं: नाटकाचं नाव बारीक आणि मधोमध नुसते धनराजचे दोन डोळे. वडशाच्या चौकात ते इतके मोठे लावले होते की त्याला स्वतःलाही चष्म्याशिवाय दिसत होते. त्याने आपल्याच डोळ्यांसमोरून खाली मान घालून सायकल काढली.

लोक सल्ला द्यायला होतेच. एकाच्या मेहुण्याच्या दोस्ताचे डोळे लेझरने साफ झाले होते आणि त्याला आता दिवसा चांदण्या दिसत होत्या. दुसरा म्हणाला, मशीन चालू असताना माणूस शिंकला तर लेझर आरपार जातो. धनराजला तेव्हापासून सारखं शिंकावंसं वाटू लागलं.

शेवटी त्याने कमळाला खरं काय ते सांगितलं. ती भात पाखडत होती. सूप न थांबवता तिने ऐकून घेतलं.

"म्हंजे लोकायले तुमी भेव दाखवता ते दिसत नाई म्हणून?"

"हव."

"आन् दिसाले लागलं तं भेव जाईन."

"हव ना."

तिने सूप खाली ठेवलं. मग म्हणाली, "दिवाळीपासून होळीपर्यंत फोन वाजला का मी हातातलं टाकून धावते. वाटते, पडले. स्टेजवरून पडले, का विहिरीत पडले, का गाडीखाली आले. लोकायले तुमचं घडीभर भेव लागते जी. मले चार महिने लागते."

धनराजने चंद्रपूरला फोन लावला आणि पोळा झाल्यावरची तारीख नक्की झाली.

त्या दिवशी त्याला निळा अंगरखा आणि निळी टोपी घातली. डोळ्यात थेंब टाकले, डोळे बधिर झाले. पापण्या मिटू नयेत म्हणून तारेचा चिमटा लावला. वर यंत्र होतं, त्यात लुकलुकणारा दिवा. डॉक्टरीणबाई म्हणाली, दिव्याकडे पाहत राहा, डोळा थोडा हलला तरी मशीनला कळतं, घाबरू नका. शिंकेचं काय, हे त्याला विचारायचं होतं. पण विचारल्याने आली तर, म्हणून विचारलं नाही. साय पुसताना डोळ्यावर कोणीतरी ओला कापूस फिरवतं आहे असं वाटलं आणि दिवा पसरून पाण्यात पडलेल्या चंद्रासारखा झाला. धनराजने सगळा जीव एकवटून त्या चंद्राकडे पाहिलं. ही आपली शेवटची नजर, असं त्याच्या मनात आलं. आयुष्यभर हजारो लोकांना घाबरवलं, आणि शेवटची नजर पडते आहे ती एका दिव्यावर. तोही लुकलुकतो आहे, घाबरून नव्हे, त्याला तसंच बनवलं आहे म्हणून.

मशीन टकटकलं. केस जळल्यासारखा वास आला. त्याला वाटलं, हा नंबर जळण्याचा वास.

"अंग सैल सोडा, भाऊ," डॉक्टरीणबाई म्हणाली. "आता मी नाई भीत तुम्हाले."

हे ती धीर द्यायला म्हणाली. धनराजला मात्र नजर गेल्याचा पहिला दाखला टेबलावरच मिळाला.

पुढचे काही दिवस डोळ्यात कोणी तिखट पेरल्यासारखे गेले. दारं-खिडक्या लावून, काळा चष्मा घालून तो पडून राहिला. कमळा वेळेवर थेंब टाकायची, चुलीचा धूर येऊ नये म्हणून शेजारच्या घरी जाऊन रांधायची आणि त्याला कुठे हात लावू द्यायची नाही. सुरुवातीला सगळं धुक्यासारखं होतं. धनराजला धुक्यात बरं वाटायचं. वाटायचं, नंबर थोडा उरला असेल. मग एका सकाळी तो अंगणात आला आणि त्याला समोरच्या मोहाचं एकेक पान दिसलं. त्याच्या पलीकडचं झाड दिसलं. बांधावर चरणाऱ्या गाईच्या कानातला पिवळा बिल्ला दिसला. तो तिथेच मटकन बसला. त्याचे डोळे भरून आले आणि त्याने मनात डॉक्टरांच्या थेंबांना दोष दिला.

गाईवर नजर टाकून पाहिली. गाय चारा मागायला जवळ आली.

दसऱ्यानंतर गावोगावची मंडळं नाटक ठरवायला वडशाला येतात. गुणवंतरावांनी यंदा त्यांच्यासाठी भर दुपारी एका हॉलमध्ये एक प्रवेश करून दाखवायचा घाट घातला. खलनायक नायिकेचा हात धरून तिला ओढत आणतो, थांबतो, बघतो. एवढाच प्रवेश. बाकी नाटक लोकांनी गृहीत धरायचं. मंडळवाले खुर्च्यांवर बसले होते. धनराज विंगेत उभा होता. नायिकेचं काम करणारी दिव्यानी म्हणाली, "भाऊ, यंदाबी जोरात ओढा, मागच्या वर्षीसारखं." तो म्हणाला, हो. आणि ओढत आला.

कड त्याला दहा पावलं आधीच दिसली. तो ऐटीत थांबला. मान फिरवली. आणि त्याला माणसं दिसली.

एक जण काडीने दात कोरत होता. एकाच्या सदऱ्याची बटणं एक घर चुकून लागली होती. एकाच्या कपाळावर ताज्या फोडाचा डाग होता. एक म्हातारा तोंड उघडं टाकून ऐकत होता, आणि त्याला वरचे दात नव्हते. सगळेच्या सगळे त्याच्याकडे पाहत होते. धनराजच्या लक्षात आलं की हेच लोक एवढी वर्षं समोर बसायचे, आणि आपण यांच्यापुढे आरडाओरडा करायचो, घरं जाळायचो, बाया ओढायचो, यांच्या देखत. पळावं तर नायिकेचा हात आपल्याच हातात. त्याने कसेबसे डोळे एका माणसावर टेकवले, पहिल्या रांगेतल्या, आरमोरीकडच्या मंडळाचा अध्यक्ष देवराव याच्यावर.

आता झाडीपट्टीत असं आहे, की माणसाने माणसाकडे सरळ पाहिलं तर पुढची गोष्ट एकच असते. देवरावचा चेहरा उजळला. त्याने हात वर केला.

"रामराम, धनराजभाऊ."

धनराजने नायिकेचा हात सोडला, दोन्ही हात जोडले आणि म्हणाला, "रामराम."

मग थांबणं अवघड झालं. एका बाजूने "जयभीम, भाऊ" आलं. त्याने तिकडे वळून, आवाज ओळखून, नाव घेऊन जयभीम घातला. मागून भामरागडकडचे आदिवासी लोक आपल्या रिवाजाने "जय सेवा" म्हणाले. त्यांनाही पोचपावती दिली. दिसलेल्या माणसाला उत्तर दिलं नाही तर त्याला इकडे खलनायक म्हणत नाहीत, वळण नसलेला म्हणतात, आणि धनराज वळणाचा माणूस होता. म्हाताऱ्याला त्याने तब्येत विचारली. विंगेतून प्रणित आधी "हात धर, हात धर" आणि मग जुन्या सवयीने "दोन पावलं डावीकडं" असं पुटपुटत होता. दिव्यानी मोकळी उभी होती. पळावं की थांबावं हे लिहिलेलं नव्हतं. ती हळूच म्हणाली, "धरा ना भाऊ."

मंडळवाले नाराज झाले नाहीत. देवरावने जाताना गुणवंतरावांना सांगितलं, नाटक ठरवतो, माणूस लय सज्जन वाटते, याले बापाचं काम द्या, पोरीच्या लग्नाच्या सीनले बाया रडतीन. बाकीच्यांनी माना डोलावल्या.

गुणवंतराव चिडले नाहीत. चिडले असते तर धनराजला बरं वाटलं असतं. त्यांनी त्याला चहा मागवला, स्वतः बशीत ओतून दिला आणि चौकातल्या त्या डोळ्यांच्या पोस्टरकडे पाहून म्हणाले, "खाट चांगली घेऊ तुले. सागाची."

नंतरच्या तपासणीला तो चंद्रपूरला गेला तो एकटाच. कमळाने या वेळी सोबतीची गरज नाही म्हणून निश्चिंत मनाने पाठवलं. एसटीत त्याने पाट्या वाचल्या, दुकानांची नावं वाचली, कंडक्टरच्या छातीवरचा बिल्ला वाचला. डॉक्टरीणबाईंनी भिंतीवरचा तक्ता दाखवला. त्याने सगळ्यात खालची ओळ वाचली आणि मग न सांगता त्याखालचं छापखान्याचं नावही वाचलं. तिचा आनंद चेहऱ्यावर मावेना. दोन्ही डोळे निर्मळ, नंबर शून्य, जखम भरलेली. एवढा सुंदर निकाल फार थोड्यांचा येतो, ती म्हणाली, आणि त्या सगळ्या तपासण्या एकेक करून पुन्हा दाखवल्या. मग विचारलं, काही त्रास, काही तक्रार, काहीही असेल तर मोकळेपणाने सांगा.

दार लागलं आहे ना हे धनराजने एकदा बघून घेतलं. ते त्याला आता बसल्या जागेवरून दिसत होतं. खुर्ची जरा पुढे ओढून तो हलक्या आवाजात म्हणाला,

"मॅडम, तो काढलेला नंबर थोडासा परत टाकता येते काय? सगळा नाई. हंगामापुरता."